चित्रं थोडी, वेळ भरपूर : शाळेची मुलं कलासंग्रहालयात नेताना

सहलीचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका दिवसात किती ठिकाणं होतील?" मी वेंगुर्ले तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. पाचवी ते नववीची मुलं घेऊन चित्रं बघायला जाणं हा माझ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना कळकळीने सांगते, ठिकाणं कमी करा, चित्रं त्याहून कमी करा आणि वेळ वाढवा. तासाभरात चार चित्रं, त्याहून जास्त नकोत. एका चित्रासमोर पंधरा मिनिटं बसलेलं मूल त्यातलं काहीतरी घरी घेऊन जातं. रांगेने सगळी दालनं फिरवून आणलेल्या मुलाला पुढच्याची पाठ तेवढी आठवते.

हे सगळं आमच्यासारख्या शाळांसाठी लिहिते आहे. मोठं संग्रहालय जवळ नाही, जायचं तर एसटी, आणि सहलीची वर्गणी कुणाच्या आईने मासे विकून, कुणाच्या आजीने काजूबी विकून दिलेली. त्या पैशांचं मुलांना पुरेपूर मिळालंच पाहिजे.

आधी जवळचं बघा

मुंबईला जायची घाई करू नका. सिंधुदुर्गातल्या शाळांनी सावंतवाडीच्या राजवाड्यापासून सुरुवात करावी. तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, नुसती काचेमागे ठेवलेली नाही, दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पानं रंगवतात आणि मुलांना ते काम बघता येतं. ही कला संपायला आली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मनावर घेतलं, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. मुलांना हे सांगाच. चित्र टिकतं ते कुणीतरी टिकवतं म्हणून, ही गोष्ट त्यांना राजवाड्यात जितकी पटते तितकी पुस्तकातून पटत नाही.

दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा. दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं : राजा, वजीर आणि एकपासून दहापर्यंत. मुघल गंजिफाचा डाव ९६ पानांचा, आठ रंगांचा. इथे आपल्या मुलांचं पारडं आधीच जड आहे. जत्रांच्या दिवसांत ती देवळासमोर रात्र-रात्र दशावतारी नाटक बघत बसतात. वेद पळवणाऱ्या संकासुराला ओळखणाऱ्या मुलाला, त्याला मारणारा मत्स्यावतार समजावून सांगावा लागत नाही. म्हणून मी माहिती सांगत नाही, काम देते. दोघादोघांच्या जोडीला एकेका अवताराचं नाव द्यायचं आणि सांगायचं, तुमचा राजा शोधा, मग तुमचं चार आकड्याचं पान शोधा. पानावर आकडा लिहिलेला नसतो, खुणा मोजाव्या लागतात. मासे मोजता मोजता मुलाला दिसतं की कारागिराने प्रत्येक मासा वेगळा वळवला आहे, आणि गोल पानात चार मासे बसवणं आणि दहा मासे बसवणं ही दोन निराळी कोडी आहेत. रचना म्हणजे काय, हे माझ्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तिथे लवकर समजतं.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आहे. गंगावणे कुटुंबाने उभं केलेलं ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय तिथेच आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. खेळ बघायचा असेल तर आधी बोलून वेळ ठरवा. चित्रकथीची चित्रं सुट्ट्या कागदांवर असतात, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एक कथा म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात, वाजवत गोष्ट सांगतो. म्हणजे हे चित्र भिंतीवर टांगून गप्प बघायचं नाहीच. तिथे जाण्याआधी वर्गात मी रामायणातल्या प्रसंगांच्या पाच चित्रांच्या झेरॉक्स मुलांना क्रम मोडून देते आणि गटागटाने गोष्ट रचायला लावते. रथ आधी की वन आधी, यावर भांडणं होतात. ती होऊ द्यावीत. मग पिंगुळीला खरी कथा ऐकताना प्रत्येक चित्र वर आलं की मुलं पुढे सरकून बसतात, कारण त्या चित्राबद्दल त्यांचं काहीतरी म्हणणं तयार असतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांना देवरुखचं लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. मूळ चित्र आणि छापील चित्र यांतला फरक दाखवायला मुलांना तिथे न्यावं. रत्नागिरीचा थिबा राजवाडा सुंदरच आहे, ब्रह्मदेशच्या राजाच्या नजरकैदेची गोष्ट मुलांना हलवून जाते, पण तो इतिहासाच्या तासाला जोडा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

आठ दिवस आधी

बघण्याची सवय संग्रहालयाच्या दारात लागत नाही, ती गावात लावावी लागते. आपल्याकडे त्यासाठी गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवण्या-रंगवण्याची जागा आहे. श्रावणात मुलं शाळेतून घरी जाताना तिथे थांबतातच. एकदा वही-पेन्सिल घेऊन, चित्रशाळेच्या मालकांना विचारून, वर्गच तिथे न्या. आखणीच्या दिवशी नेलंत तर उत्तम. डोळ्यांची रेघ ओढताना कारागीर श्वास कसा धरतो, कोणता कुंचला उचलतो, एक डोळा आधी पूर्ण करतो की दोन्ही बरोबरीने, एवढंच बघायला सांगा. ज्यांच्या घरी गणपतीमागची भिंत अजून चितारून घेतात त्या मुलांना विचारा, गेल्या वर्षी भिंतीवर काय होतं? चित्रकाराने सुरुवात कुठून केली? घरातली भिंत नीट आठवणारं मूल दालनातल्या भिंतीसमोर बुजत नाही.

दुसरी तयारी मी हाताने करून घेते. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या तरुणीचं चित्र मुलांनी कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, जलरंगातलं. आपल्याच मुलीला समोर उभं करून त्यांनी ते रंगवलं. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, बॅटरी पेटवायची आणि प्रत्येकाने प्रकाशावर तळवा धरायचा. बोटांच्या कडा लालसर पेटतात. त्यानंतर चित्राची छापील प्रत दाखवायची आणि काही बोलायचं नाही. मुलं स्वतःहून तिच्या बोटांकडे बोट दाखवतात. चित्रकाराने काय पाहिलं असेल ते मुलाने स्वतःच्या हातावर एकदा पाहिलं की पुढे कुठल्याही चित्रात उजेड कुठून येतो हे ते शोधू लागतं.

कार्यालयीन कामं नेहमीचीच आहेत : शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, एसटीचा प्रासंगिक करार, प्रथमोपचार पेटी. संग्रहालयाला फोन करून सुट्टीचा वार विचारा, पुष्कळ ठिकाणी तो सोमवार असतो. शाळांच्या सहली दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत एकदम उसळतात, म्हणून मधल्या वारी सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आणि एक काम दुसऱ्या कुणावर सोपवू नका. आधी एकदा स्वतः जाऊन या. दालनात उकिडवं बसून पाचवीच्या मुलाच्या उंचीवरून चित्रं बघा. उभ्याने स्वच्छ दिसणारं चित्र त्या उंचीवरून काचेतल्या खिडकीच्या प्रतिबिंबात बुडालेलं असतं. तेव्हाच चार चित्रं निवडा. मुलांना जमिनीवर बसायला कुठे जागा आहे, दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवायच्या, मुलींसाठी स्वच्छतागृह कसं आहे, हे पाहून ठेवा.

चित्रासमोर

पंधरापेक्षा मोठा गट चित्रासमोर बसवू नका. पंचेचाळीस मुलं असतील तर तीन गट : एक चित्रासमोर, एक रेखाटन करणारा, एक बाहेर खाऊ खाणारा किंवा कारागिराजवळ बसलेला. वीस-पंचवीस मिनिटांनी गट फिरवायचे. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवंच. गणिताच्या सरांना या कामाला जरूर घ्या. ते चित्राबद्दल बोलायला जात नाहीत, त्यामुळे मुलं बोलतात.

पहिली दोन मिनिटं पूर्ण शांतता. कुणी बोलायचं नाही, मोठ्यांनीही नाही. मग तीन प्रश्न, याच क्रमाने. या चित्रात काय चाललंय? तुला तसं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? जगभरच्या संग्रहालयांतून मुलांबरोबर हे प्रश्न वापरले जातात. अमेरिकेत फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउसन यांनी ही पद्धत बसवली. यातला जीव दुसऱ्या प्रश्नात आहे. 'कशावरून' विचारलं की मूल पुन्हा चित्राकडे वळतं, पुरावा शोधतं. 'का वाटतं' असं विचारलंत तर ते तुमच्या तोंडाकडे बघतं, तुम्हाला काय हवंय याचा अंदाज घेत.

प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा आकडे मोजा. ती शांतता शिक्षकाला जड जाते, मुलाला लागते. उत्तर आलं की 'बरोबर' म्हणू नका, 'शाब्बास'सुद्धा नको. एकाला शाब्बासकी मिळाली की बाकीचे त्याच्यासारखं उत्तर शोधायला लागतात. त्याऐवजी मूल जे बोललं ते चित्रातल्या त्या जागेकडे बोट करून पुन्हा म्हणा. आणि मालवणीत बोलू द्या. प्रमाण भाषेत वाक्य जुळवण्यात बघण्याची अर्धी ताकद निघून जाते.

एका दालनात होड्यांचं तैलचित्र होतं. खाली नुसतं 'होड्या' असं लिहिलेलं. सूर्य नव्हता, क्षितिजाजवळ पिवळसर उजेड होता, आणि बहुतेक जण ती संध्याकाळ धरून चालले होते. सातवीतला एक मुलगा, घरची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) असलेला, बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "बाई, ही सकाळ आसा. वारो मतलय आसा." कशावरून? शिडं समुद्राच्या बाजूला फुगलेली होती. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्या मतलय वाऱ्यावर होड्या बाहेर पडतात. दुपारनंतर खारे वारे सुटतात, तेव्हा शिडं उलटी फुगली असती. मग एका मुलीने होडीची उलांडी, म्हणजे तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड दाखवलं, तिसऱ्याने पाणी किती उतरलंय ते ओल्या वाळूच्या पट्ट्यावरून सांगितलं. त्या चित्रावर कला-इतिहासाची कितीही पुस्तकं वाचून मला हे बोलता आलं नसतं. आपल्या मुलांच्या डोळ्यांत वारा, भरती-ओहोटी, लाकूड, जाळं याचं जे ज्ञान आहे ते चित्रासमोर बाहेर काढणं, याच्यासाठीच मी ही सहल काढते. चित्रकाराचं नाव, साल, शैली हे सगळं सांगावं, पण मुलांचं बोलून झाल्यावर. तेव्हा ती माहिती त्यांना हवी असते.

दृष्टी अधू असलेलं मूल गटात असेल तर आणखी चांगलं काम होतं. बाकीच्यांनी त्याला चित्र शब्दांत सांगायचं, आणि त्याने प्रश्न विचारायचे. "निळा म्हणजे कसला निळा?" असं त्याने विचारलं की बाकीचे पहिल्यांदाच त्या निळ्याकडे नीट बघतात.

हात लावू नका, पण का?

नुसती पाटी मुलांना पटत नाही. कारण दाखवा. शाळेत पितळेचा तांब्या चिंचेने लख्ख घासा, अर्ध्या भागावर कापड बांधा आणि उघड्या अर्ध्याला वर्गातल्या प्रत्येकाने रोज हात लावायचा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत थोड्याच दिवसांत बोटांचे ठसे काळपट उठतात. हाताचा घाम काय करतो ते कळलं. उजेडाचंही तसंच. रंगीत घोटीव कागदावर पुस्तक ठेवून तो महिनाभर खिडकीत ठेवा, पुस्तकाखालचा रंग आणि बाहेरचा रंग शेजारी शेजारी दिसतात. मग दालनात अंधार का, असं कुणी विचारत नाही. कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) आणि तैलचित्रांना २०० लक्सपर्यंतचा उजेड पुरे मानतात, आणि मोबाइलवर तो मोजताही येतो. आठवी-नववीच्या मुलांना हे काम आवडतं. पावसाळ्यात गेलात तर ओल्या छत्र्या, रेनकोट बाहेरच ठेवा. कागदाला बुरशी आणि कसर लागते ती दमटपणाने, आणि कोकणात संग्रह सांभाळणाऱ्यांची निम्मी शक्ती त्याच्याशी झुंजण्यात जाते.

हात लावता येईल असंही काहीतरी मुलांच्या हाती द्यायला हवं. मी एक पिशवी बरोबर ठेवते : तैलरंग वाळलेला कॅनव्हासचा तुकडा, हातकागद, लाखेचा रंग चढवलेलं लाकूड, चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून केलेली कोरी चकती. गंजिफाचं पारंपरिक पान असंच बनतं. त्या थरांवर खडूचा लेप देऊन ते घोटतात, मग रंगवतात. चकती बोटात वाकवून पाहिली की कागद आणि हे यातला फरक सांगावा लागत नाही.

रेखाटनाला फक्त पेन्सिल. पेन, जलरंग, खोडरबराचा चुरा दालनात नको. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि चिमटा, झाला बोर्ड. पूर्ण चित्राची नक्कल करायला सांगू नका, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी इथे करायची नाही. 'फक्त हात काढा', 'फक्त कपड्याची चुणी काढा' एवढंच. छोटं काम दिलं की मूल दहा मिनिटं मान वर-खाली करत राहतं, आणि तेच आपल्याला हवं आहे.

मुंबईला गेलात तर

तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून आलेल्या मुलांना दादरवरून थेट संग्रहालयात नेऊ नका. आंघोळ, नाश्ता, तासभर पाठ टेकणं, मगच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही तिन्ही इतकी जवळ आहेत की एका दिवसात सगळी उरकायचा मोह होतो. एक निवडा. वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, त्याचा पसारा एका दिवसात आवरणार नाही. मुलांचं स्वतंत्र संग्रहालयही त्याच आवारात आहे. लघुचित्रं बघायची ठरवलीत तर एका वेळी चारच मुलं पुढे सोडा, ती चित्रं हातात धरून बघण्यासाठी काढलेली आहेत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्या मानाने आटोपशीर, पण त्याची सुट्टी बुधवारी असते.

ज्यांना मुंबई परवडणार नाही त्यांनी वस्तुसंग्रहालयाच्या फिरत्या बसची चौकशी करावी. 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस २०१५ साली सुरू झाली आणि ती शाळांच्या दारात जाते.

छोटी दालनं चालवणाऱ्यांना विनंती

कोकणात हौसेने, पदरमोड करून संग्रह जपणारी माणसं आहेत. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. शाळा येणार म्हटलं की तुम्ही माहितीपत्रक छापता, पाहुणे बोलावता, भाषण ठेवता. त्याऐवजी चार सतरंज्या ठेवा आणि पिण्याचं पाणी. निदान एक चित्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण चार फुटांवर लावा. चित्राखालच्या पाटीवर सोप्या मराठीत तीन ओळी पुरेत, आणि त्यांतली एक प्रश्न असू द्या. कारागीर किंवा चित्रकार तिथे बसणार असेल तर त्याला बोलायचा आग्रह करू नका, काम करू द्या. मुलं विचारतील. नव्वद मिनिटांच्या वर कार्यक्रम ताणू नका. आणि वर्गणी शक्य तितकी कमी ठेवा, शक्य असेल तर रिकाम्या हाताने येणाऱ्या मुलांसाठी पेन्सिली तुमच्याकडे ठेवा.

परत आल्यावर

'मी पाहिलेले संग्रहालय' हा निबंध लिहायला लावू नका. आठवडा जाऊ द्या आणि मग एकच चित्र आठवणीतून काढायला सांगा. कुणी होडी काढेल, कुणी नुसती चौकट, कुणी रखवालदाराची खुर्ची. तेही चालेल, ते त्याने नीट पाहिलं होतं. नंतर मूळ चित्राचा फोटो शेजारी ठेवून काय उरलं, काय निसटलं, काय नवं शिरलं ते बोला.

मग शाळेच्या व्हरांड्यात सुतळी बांधून, चिमटे लावून प्रदर्शन मांडा. प्रत्येक चित्राखाली मुलाने स्वतः पाटी लिहायची : नाव, माध्यम, मापं, साल आणि बघणाऱ्यासाठी एक प्रश्न. पालकांना संध्याकाळी बोलवा, मासळीची वेळ सांभाळून. मुलं आपल्या आईला चित्रासमोर उभी करून 'आणखी काय दिसता?' असं विचारतात तेव्हा पद्धत रुजल्याचं समजतं.

अशी चार-पाच मुलं हेरून ठेवा. पुढच्या वर्षी पाचवीचा वर्ग नेताना प्रत्येक गटाबरोबर त्यांच्यातलं एक पाठवा, मोठ्या माणसाच्या जोडीला. आदल्या दिवशी त्यांना तीन प्रश्न पुन्हा घोकून घ्यायला सांगा आणि दहा आकडे मोजायची सवय करून घ्या. एसटीच्या करारात जागा धरताना त्यांची नावं आधीच यादीत घाला, नाहीतर ऐनवेळी बस भरलेली असते आणि हीच मुलं मागे राहतात.